बदलीवर आलेले इंजिन

घरात देखणी सून आली की शेजारीपाजारी आधी तिच्या माहेराची चौकशी करतात. माझ्या मोटारीच्या वाट्यालाही तेच आले आहे. सिग्नलला उभा राहिलो की शेजारच्या गाडीची काच खाली येते, एक हसरा चेहरा डोकावतो आणि विचारतो, "काका, इंजिन ओरिजिनल आहे का हो?" वास्तविक त्याने गाडीचे वय विचारावे, रंगाचे कौतुक करावे, निदान या वयात मी एवढ्या बुटक्या गाडीत शिरतो कसा आणि शिरलो तर बाहेर येतो कसा, एवढी तरी विचारपूस करावी. पण ते नाही. मी खरे ते सांगतो, "नाही, ॲम्बॅसडरचं आहे." चेहरा मावळतो. "अरेरे" म्हणतो. सिग्नल हिरवा होतो आणि तो निघून जातो.

या 'अरेरे'ला उत्तर द्यायला सिग्नलचा वेळ पुरत नाही. दिवाळी अंकाची पाने पुरतील, या आशेने लिहायला बसलो आहे.

मोटार १९४८ सालची एम.जी. टीसी. दोन माणसांची, उघडी. चाके एकोणीस इंची, त्यांना सायकलसारखे तारांचे आरे. पेट्रोलची टाकी शाळकरी पोराच्या दप्तरासारखी पाठीवर बांधलेली. पुढची काच हवी तर आडवी निजवावी आणि वारा तोंडावर घ्यावा. दुसरे महायुद्ध संपले त्याच वर्षी, १९४५ साली, इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून ही जात बाहेर पडू लागली आणि १९४९ पर्यंत तिच्या सुमारे दहा हजार गाड्या झाल्या. त्यांतली एक आमच्या आतोबांनी १९५३ साली मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून विकत घेतली. आतोबा डॉक्टर, दादरच्या हिंदू कॉलनीत राहायचे. शर्यतीच्या गाडीतून व्हिजिटला जाणारा डॉक्टर म्हणून त्यांच्याविषयी रोग्यांना एक विशेष विश्वास वाटे. एवढ्या घाईने आला आहे त्या अर्थी काही तरी करीलच, असा.

या गाडीत एक गंमत आहे. चालवणाऱ्याच्या पुढ्यात जी मोठी तबकडी असते ती वेगाची नव्हे, इंजिनाच्या फेऱ्यांची. वेगाची तबकडी शेजारी बसणाऱ्याच्या पुढ्यात! इंजिन किती राबते आहे ते एकाने पाहायचे आणि गाडी किती पळते आहे ते दुसऱ्याने. आतोबांच्या शेजारी आत्या बसे. नऊवारीचा पदर कानामागे घट्ट खोचून ती त्या काट्यावर डोळा ठेवी आणि दर पाच मैलांच्या वाढीला पुकारा करी, "अहो, पस्तीस झाले! अहो, चाळीस!" इंग्रजाच्या घरी कोणाचे चालत असावे ते या तबकडीवरून कळते, असे आतोबा म्हणत.

१९७२ साली परळच्या रस्त्यावर इंजिनातला एक कनेक्टिंग रॉड तुटला आणि ब्लॉकची कूस फोडून बाहेर आला. मूठ जाईल एवढे भगदाड पडले. परदेशी सुट्या भागांच्या आयातीवर त्या काळी असे निर्बंध होते की पिस्टनपेक्षा परवाना दुर्मिळ. आतोबांनी गाडीवर ताडपत्री टाकली आणि टॅक्सीने व्हिजिटला जाऊ लागले. १९७९ साली ते गेले. १९८३ साली घर पाडून तिथे इमारत उठवायचे ठरले, तेव्हा आत्याने मला बोलावून घेतले. म्हणाली, "तुला हवी तर ने. नाही तर उद्या भंगारवाला येतोय."

मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा, बँकेत कारकून. गिरगावात ठाकुरद्वारजवळ एका चाळीत दोन खोल्यांत आम्ही सहा माणसे राहत होतो. वडिलांनी ऐकले आणि पंचांगातून डोके वर न काढता विचारले, "झोपायला कुठं घालणार तिला?" प्रश्न वाजवी होता. सुदैवाने माझ्या एका वर्गमित्राच्या वडिलांची काळाचौकीजवळ लाकडाची वखार होती. तिच्या मागच्या पडवीत जागा मिळाली.

रस्त्याची वर्दळ थांबल्यावर, रात्री अकराला, चार हातगाडीवाले आणि मी मोटार ढकलत निघालो. खोदादाद सर्कल, हिंदमाता, परळ करीत भारतमाता टॉकीजपाशी आलो आणि गाडी खिळल्यासारखी उभी राहिली. आम्ही पाचही जण जोर करू लागलो. तेवढ्यात फुटपाथवर बसलेला एक सडपातळ माणूस उठला आणि म्हणाला, "थांबा. ढकलू नका. बेअरिंग धरलंय." त्याने पुढच्या चाकाशी उकिडवे बसून आऱ्यांवर बोटे टेकवली, डॉक्टर नाडी बघतो तशी. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून पाना मागून आणला, पंधरा मिनिटांत चाक मोकळे केले आणि वखारीपर्यंत आमच्याबरोबर चालत आला. पैसे देऊ लागलो तर म्हणाला, "झोप येत नव्हती म्हणून बसलो होतो. भोंगा नाय ना वाजत हल्ली."

तो गिरणीत फिटर होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यांतला एक. दीड वर्ष उलटून गेले होते. लालबाग-परळच्या चाळींतून भांडी विकली जात होती, माणसे कोकणात आणि घाटावर परत चालली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वखारीत गेलो तेव्हा तो मोटारीभोवती फेऱ्या घालीत होता. मी अजाणतेपणी विचारले, "सध्या बेकार आहात का?"

"बेकार नाय," तो म्हणाला. "संपावर आहे."

या दोन शब्दांतले अंतर मला त्या दिवशी कळले नाही. आम्ही बोलणी केली. रोज पंचवीस रुपये. मी जरा वर देऊ पाहिले तर त्याने हात आडवा धरला. "बक्षिशी नको. हजेरी मांडा आणि हजेरीचे पैसे द्या." बँकेची एक जुनी डायरी मी त्यासाठी आणली. त्या दिवसापासून तो मला 'बँकवाले' म्हणू लागला आणि मी त्याला 'मामा'. मामांची बायको खाणावळ चालवत असे. पण संपावरच्या माणसांचे जेवणाचे पैसे थकलेले, आणि थकले म्हणून ताट मागे ओढायचे तिच्या जिवावर येई. त्या घरात पंचवीस रुपये म्हणजे काय, हे मला फार उशिरा समजले.

पहिले काम जुने इंजिन उतरवण्याचे. तिथे मामांची आणि इंग्रजाची पहिली चकमक झाली. पाना बोल्टच्या डोक्यावर अगदी चपखल बसे, पण काढलेल्या बोल्टला दुसरा कोणताही नट लागेना. आटेच जुळेनात. मामा चिडले. "डोकं विलायती आहे, पण आटे भलतेच!" पुढे वाचनात उलगडा झाला. हे इंजिन बनवणारा कॉव्हेंट्रीचा कारखाना मूळचा हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. पहिल्या महायुद्धात तिथे मशीनगनी होत. १९२३ साली तो मॉरिसने विकत घेतला, पण यंत्रे फ्रेंच मापांची ती तशीच राहिली. म्हणून आटे फ्रेंच, आणि इंग्लंडातल्या मेकॅनिकांची अडचण नको म्हणून बोल्टची डोकी इंग्रजी पान्याची! ज्याला लोक अस्सल इंग्रजी इंजिन म्हणून हळहळतात ते असे आतून फ्रेंच आहे.

मग अंगाची पाळी. या गाडीचा बाहेरचा पत्रा आत ॲश लाकडाच्या सांगाड्यावर ठोकलेला असतो. दारे लाकडाच्या चौकटीवर, मागचा भाग लाकडाच्या कमानीवर. पावसाळ्यांनी आणि वाळवीने त्याचा भुगा झाला होता. ॲश लालबागला कुठून मिळणार? वखारीतच एक राजापूरकडचा म्हातारा सुतार होता, गणपतीची मखरे करणारा. त्याने जुन्या तुकड्यांवरून पुठ्ठ्याचे नमुने कापले आणि एका पाडलेल्या वाड्याच्या जुन्या सागवानी तुळया निवडल्या. "साग जड होईल," मी म्हटले. "जड होईल, पण तुमच्या नातवंडांपर्यंत टिकंल," तो म्हणाला. तेव्हा माझे लग्नही व्हायचे होते. तो सांगाडा आजही खुट्ट म्हणत नाही.

इंजिनाचा प्रश्न मात्र सुटेना. ऑपेरा हाउसच्या बाजूला मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. घरापासून दहा मिनिटांवर. बँक सुटल्यावर मी तिथे रोज हजेरी लावी. टीसीचा ब्लॉक म्हटले की दुकानदार देवळातल्या पुजाऱ्यासारखा वर बोट दाखवी. एके दिवशी मी हताश होऊन वखारीत बसलो असता मामा म्हणाले, "बँकवाले, कायमचा माणूस येत नसेल तर बदली घ्या."

गिरणगावाबाहेरच्या वाचकांसाठी हा शब्द उलगडला पाहिजे. गिरणीत 'बदली कामगार' नावाचा एक वर्ग असे. पाळीच्या आधी त्याने बदलीचे कार्ड घेऊन खात्याशी उभे राहायचे. कायमचा कामगार गैरहजर असला तर त्या दिवसापुरते त्याच्या साच्यावर उभे राहायला मिळे. नाही तर डबा तसाच घरी. मामांनी उमेदीची सात वर्षे अशी बदलीवर काढली होती आणि त्यानंतर ते फिटर म्हणून कायम झाले होते. "बदलीवाल्याचं एक असतं," ते सांगत. "साचा त्याचा नसतो, पण त्या दिवशी कापड त्याचंच असतं."

तर बदली कोण? मामांचे उत्तर तयार होते, ॲम्बॅसडर. मला धक्का बसला. ॲम्बॅसडर म्हणजे मंत्र्यांची, कलेक्टरांची गाडी. तिचे इंजिन शर्यतीच्या गाडीत घालायचे म्हणजे हेडक्लार्कला लंगडी खेळायला लावण्यापैकी होते. पण दोन्ही घराण्यांची कुळे मी धुंडाळली तेव्हा माझा अडाणीपणा माझ्या लक्षात आला. एम.जी. म्हणजे मुळात मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या या गॅरेजचा व्यवस्थापक सेसिल किंबर याने १९२२ नंतरच्या काळात मॉरिसच्या साध्यासुध्या गाड्यांना नवी, तडफदार अंगे चढवायला सुरुवात केली. त्यातून ही गाडी जन्मली. म्हणजे दुसऱ्याच्या गाडीला आपल्या मनासारखे रूप देणे, हाच या घराण्याचा मूळ धंदा! आणि आपली ॲम्बॅसडर तरी कोण? मॉरिस ऑक्सफर्डचाच हिंदुस्थानी अवतार, कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला वाढलेला. १९५२ साली मॉरिस आणि ऑस्टिन ही दोन घराणी एक झाली. ऑस्टिनच्या बाजूने आलेले बी-मालिकेचे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन १९५५ साली एम.जी.च्या कारखान्याने आपल्या नव्या 'एमजीए' या गाडीत बसवले. तेच इंजिन १९५९ मध्ये ॲम्बॅसडरला मिळाले. कार्ब्युरेटर वेगळे, दाब वेगळा, पण ब्लॉक एकाच कुळीचा. ॲबिंग्डनच्या कारखान्याने १९५५ साली जे केले तेच आम्ही लालबागच्या वखारीत अठ्ठावीस वर्षांनी करणार होतो. फरक एवढाच, की त्यांच्याकडे नकाशे होते आणि आमच्याकडे मामा होते.

कुर्ल्याच्या भंगारबाजारात एका सरकारी खात्याच्या लिलावात गेलेल्या ॲम्बॅसडरचे इंजिन मिळाले. आयुष्यभर साहेबांना कचेरीत पोचवून ते दमले होते. मामांनी ते उघडले, सिलिंडर बोअर करून घेतले, नवे पिस्टन घातले. ते मात्र ऑपेरा हाउसला कोणत्याही दुकानात मिळत होते, पावतीसकट!

खरी परीक्षा पुढे होती. इंजिन ॲम्बॅसडरचे, गिअरबॉक्स एम.जी.चा, दोघांचे बोल्ट एकमेकांना ओळख दाखवीनात. मध्ये एक जोडथाळी हवी. इंजिनाच्या शाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत आला पाहिजे. इंचाच्या हजाराव्या भागाला वर्कशॉपात थाऊ म्हणतात. चूक दोन-चार थाऊंच्या आत हवी. करी रोडजवळच्या एका गाळ्यात लेथ होती. मामांनी स्वतःच्या ट्रंकेतून लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले डायल गेज काढले. भांडी विकली होती, पण ते गेज विकले नव्हते.

पहिली थाळी तीन दिवसांत झाली. मला ती आरशासारखी सुंदर दिसली. मामांनी गेज लावले, शाफ्ट हाताने फिरवला आणि काटा बघून म्हणाले, "अकरा थाऊ." त्यांनी थाळी भंगारात टाकली.

"मामा, अकरा थाऊ म्हणजे केस सुद्धा नाही. कुणाला कळणार आहे?"

"गिअरबॉक्सला कळंल," ते म्हणाले.

त्या शनिवारी पैसे देताना डायरीत सहा दिवस मांडलेले होते. मामांनी पेन मागितले आणि तीन दिवस खोडले. "चुकलेल्या कामाची हजेरी नसते, बँकवाले." मी वाद घातला, रागावलो, त्यांनी पंचाहत्तर रुपये मोजून घेतले आणि ते निघून गेले. दुसरी थाळी दीड थाऊला बसली. मी त्या रात्री गिरगावला परतताना ट्रेनमध्ये विचार करीत होतो. बँकेत आमच्या टेबलावर अकरा थाऊंच्या किती थाळ्या रोज पास होत असतील?

पुढचे भराभर सांगतो. क्लचची तबकडी दोन गाड्यांची मिळून केली: कड ॲम्बॅसडरची, मधला दात्यांचा तुकडा एम.जी.चा. जुने दोन कार्ब्युरेटर नव्या इंजिनावर चढवण्यासाठी एक मॅनिफोल्ड ओतून घेतला. बॉनेट मिटेना, म्हणून इंजिनाचे पाय तीन सूत खाली घेतले. फेऱ्यांच्या तबकडीला चाल मिळे ती जुन्या डायनामोच्या पाठीतून. नव्या डायनामोला ती सोय नव्हती. माझ्या पुढ्यातला काटा कायमचा शून्यावर राहिला. वेगाच्या तबकडीची तार मात्र गिअरबॉक्समधून येते, आणि गिअरबॉक्स आम्ही जुनाच ठेवला होता.

शेवटी मला एक मोह झाला. जुन्या गाडीचा एक अष्टकोनी बिल्ला पडला होता. मी म्हटले, हा नव्या इंजिनाच्या झाकणावर लावू. बॉनेट उघडले की शोभेल. मामांनी बिल्ला माझ्या हातून घेतला आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून दिला. "त्यानं काम दुसऱ्याच्या जागेवर करायचं, ते ठीक. नाव कशाला दुसऱ्याचं लावायचं?" नोंदणीपुस्तकातही मग खरा इंजिन-क्रमांक रीतसर चढवून घेतला.

१९८५ च्या दसऱ्याच्या आदल्या रात्री हँडल मारले. तिसऱ्या फेरीला इंजिनाने श्वास घेतला. मामांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच राहिले. मी विचारले, "कसं आहे?" ते म्हणाले, "खातं चालू झाल्यासारखं वाटतंय."

दसऱ्याला झेंडूची माळ घालून गाडी आत्याकडे नेली. नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून ती हळूहळू उतरली, गाडीभोवती एकदा फिरली आणि डाव्या आसनावर बसली. पदर कानामागे खोचला. आम्ही खोदादाद सर्कलला वळसा घालून माटुंग्याच्या दिशेने निघालो. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आवाज बदललाय."

"हो."

"वाईट नाही. पण ह्यांच्या वेळचा नव्हे."

मला काय बोलावे सुचेना. माझ्या पुढ्यातला काटा शून्यावर होता. तिच्या पुढ्यातला मात्र थरथरत वर चढत होता. तिने वाकून पाहिले आणि पुकारले, "अरे, पस्तीस झाले!"

या गोष्टीला आता चाळीस वर्षे झाली. आत्या नाही, सुतार नाही, वखारीच्या जागी उंच इमारत आहे. आमची चाळही पडली; त्याच पत्त्यावर आम्ही आता अकराव्या मजल्यावर राहतो आणि मोटार लोखंडी फडताळात झोपते. बटण दाबले की खाली येते, वडिलांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला. ॲम्बॅसडर २०१४ साली बनायची थांबली. एम.जी.चा बिल्ला आता एका चिनी कंपनीकडे आहे आणि तो लावलेल्या विजेच्या गाड्या गुजरातेत हालोलला बनतात. त्यांत तर इंजिनच नाही.

गेल्या वर्षी श्रावणात एका संग्राहकाचा माणूस घरी आला. त्याला कुठून तरी कळले होते की भगदाड पडलेला जुना ब्लॉक मी टाकलेला नाही. तो इतकी वर्षे माझ्या खाटेखाली आहे. बायको त्याला 'सवत' म्हणते. त्या माणसाने ब्लॉकवरचा क्रमांक विजेरीने वाचला, कागदाशी जुळवला आणि त्याचा चेहरा उजळला. आता फुटके ब्लॉक शिवता येतात, विलायतेतून हवा तो भाग टपालाने येतो. "हा ब्लॉक बसवला की गाडी ओरिजिनल. ते ॲम्बॅसडरचं आम्ही काढून टाकू." त्याने आकडा सांगितला. बायकोने हातातला चहा खाली ठेवला. पुण्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, द्या. तुमचे गुडघे आता क्लच दाबायला नाही म्हणतात. तुमच्यामागं कोण बघणार तिच्याकडे?" त्याचे चुकत नव्हते.

मी मामांकडे लालबागला गेलो. ते आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. ज्या गिरणीतून ते संपासाठी बाहेर पडले तिच्यात पुन्हा त्यांचे पाऊल पडले नाही. पुढची वीस वर्षे त्यांनी गाळ्यागाळ्यांतून लेथ चालवली. मी सगळे सांगितले. मला वाटले होते, त्यांना वाईट वाटेल. खरे सांगायचे तर, वाटावे अशी माझी इच्छा होती. पण ते लगेच म्हणाले, "द्या की. मूळ माणूस कामावर आला तर बदलीवाल्यानं उठायचं असतं. त्यात अपमान नाय."

"पण मामा, मूळ माणूस चोवीस वर्षं राबला. बदलीवाल्याला चाळीस झाली."

मामा हसले. समोरच्या भिंतीवर त्यांचा गिरणीतला फोटो होता, तिकडे बघत म्हणाले, "ते मालकानं ठरवायचं असतं. आमच्या मालकानं ठरवलं नाय. तुम्ही तुमचं ठरवा."

निघताना मी सहज विचारले, "मामा, तुम्ही किती वर्षं काम केलंत हो गिरणीत?"

"केलंत?" ते म्हणाले. "संप अजून मागं घेतलेला नाय, बँकवाले."

ते खरे आहे. तो संप रीतसर कुणी मागे घेतल्याची नोंद नाही.

संग्राहकाला मी नकार कळवला. शहाणपणा केला असे मी म्हणत नाही; मुलगा चार दिवस बोलला नाही. पण त्याची मुलगी, माझी नात, माटुंग्याला इंजिनिअरिंग शिकते. तिने एका रविवारी बॉनेट उघडले, जोडथाळीवरून बोट फिरवले आणि विचारले, "आजोबा, हे कॅडशिवाय कसं काढलं?" मी म्हटले, "ज्यांनी काढलं ते लालबागला आहेत."

गेल्या दसऱ्याला ती त्यांना टॅक्सीने घेऊन आली. फडताळातून गाडी खाली आली, इंजिन सुरू केले. मामांना आता कमी ऐकू येते; त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावली, ती काढून नातीच्या कानाला लावली आणि म्हणाले, "दोन नंबरचं टॅपेट. ऐक." तिला आधी ऐकू येईना, मग आले. त्यांनी खिशातून फीलर गेज काढले आणि तिच्या हातात दिले. ती वाकून काम करू लागली. "घट्ट झालं. परत," ते म्हणाले. पुन्हा, "ढिलं. परत." चौथ्या खेपेला गप्प राहिले, म्हणजे जमले.

जेवणे झाल्यावर मी पाकीट त्यांच्या हाती ठेवू लागलो. त्यांनी हात आडवा धरला, तसाच, चाळीस वर्षांपूर्वीचा.

"हजेरी मांडलीत का?"

मी कपाटातून ती जुनी डायरी काढली. शेवटच्या पानावर जागा होती. मी तारीख घातली. मामांनी डायरी आपल्याकडे ओढली, चष्मा वर करून पाहिली आणि बोट ठेवून म्हणाले, "हिचीपण मांडा. हात तिचे होते."